एका गठ्ठ्यातल्या साड्या

आजकाल लग्नात मेलेल्या माणसांनाही यावं लागतं. मंगलाष्टकांच्या आधी स्टेजमागचा मोठा पडदा उजळतो, बासरी वाजते, ढगातून घरातलं गेलेलं माणूस बाहेर येतं आणि नवरा-नवरीवर फुलं पडतात. हॉलमधल्या बाया डोळ्याला पदर लावतात. अमरावतीत मी असं दोन-तीन लग्नांत पाहिलं. एका ठिकाणी तर आजोबांना पंख लावले होते. त्या माणसाला जन्मात धड सायकलवरून उतरता आलं नाही, आणि इथे तो उडून राहिला होता. मी तिथल्या तिथे बुढीला म्हटलं, "माझं असं कोनी केलं तं मी पडद्यातून खाली उतरून मारीन." बुढी म्हणाली, "तुमाले कोन बोलावते ढगात?"

बुढी म्हणजे माझी बायको. ती मला बुढा म्हणायची, मी तिला बुढी. चाळिशीपासूनच म्हणत होतो, तेव्हा गंमत होती. मागच्या पोळ्यानंतर ती गेली.

आणि या वर्षी अकोल्यात नातीचं लग्न निघालं. माझ्या मुलीची मुलगी. मुलीने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, पडद्यावर आई पाहिजेच." मी म्हटलं, काही गरज नाही. ती म्हणाली, "तुमाले नसन गरज. पोरीले हाये. तिची वेणी आजीनं घातली लहानपणी, मी नोकरीवर जात होती." मी फोन ठेवला.

बुढीचे फोटो घरात आहेत. आधार कार्डावरचा तर असा, की ती सरकारवर रागावलेली दिसते. पण मुलीला फोटो नको होता, हलणारी आई पाहिजे होती. आता बुढी कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची. सगळ्या नातेवाईकांकडच्या शूटिंगा धुंडाळल्या, तेव्हा एका ठिकाणी ती सापडली. चांदूर रेल्वेला माझ्या बहिणीच्या मुलाचं रिसेप्शन झालं होतं, त्यात. तोंड कॅमेऱ्याकडे आहे, काही तरी बोलते आहे, आणि हात वर केलेला आहे. दोन घास खायला लागतो तेवढा वेळ. मग शूटिंगवाला स्टेजकडे वळला. मुलीने ते मला फोनवर पाठवलं आणि लिहिलं, आई आशीर्वाद देऊन राहिली.

मी पाहिलं. मोबाइलचा पडदा केवढा, माझे डोळे केवढे. म्हटलं, देत असेल.

दोन दिवसांनी मुलीचा परत फोन. "बाबा, तुमी अकोल्याले या. व्हिडिओवाल्या बाईले आई कुठं संपते थे समजून नाही राहिलं."

तिचं म्हणणं असं की त्या शूटिंगमधून आईला वेगळी काढायची, मागचे लोक, खुर्च्या, पंखे सगळे घालवायचे. पण काढताना अडचण आली ती साड्यांची. त्या लग्नात नवरीकडच्यांनी मानपानाला आमच्याकडच्या सगळ्या बायांना एका गठ्ठ्यातल्या साड्या दिल्या होत्या. वांगी रंग, पिवळे काठ. मामीला तीच, मावशीला तीच, आत्याला तीच. आणि दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला विहीणबाईंचा मान राहावा म्हणून सगळ्याच त्या नेसून आल्या. शाळेचं स्नेहसंमेलन वाटत होतं. बुढीला तो रंग मुळीच आवडला नव्हता. म्हणाली होती, "वांग्याच्या वावरात उभं असल्यासारखं वाटते." आणि नेमकी त्याच वावरात ती उभी. तिला लागून आजूबाजूला सगळं वांगंच.

मी एसटीने निघालो. मूर्तिजापूरपर्यंत उभा. म्हाताऱ्या माणसाला कोणी जागा देत नाही, सगळ्यांच्या कानात मोबाइलची बोंडं खुपसलेली.

व्हिडिओवाली बाई मुलीच्या घरामागच्या गल्लीतच राहते. चाळिशीची असेल. घरातल्या घरातच लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे व्हिडिओ करते. जेवणाच्या टेबलावर मोठा कॉम्प्युटर, शेजारी कणकेचा डबा. मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. दिवसभर मी त्या पायाला शिव्या दिल्या.

ती म्हणाली, "काकाजी, आता आपण काकूंचा मास्क काढू."

मला मास्क म्हटलं की कोरोनाच आठवतो. मी म्हटलं, "तिले कायचा मास्क?"

तिने दाखवलं. बुढीला मोठी केली, पडदाभर. मला कोणी सांगितलं नव्हतं की ती एवढी मोठी होणार आहे. गालावरचा चामखीळ, पुढच्या दातातली फट, सगळं समोर. मी खाली पाहिलं. बाई आपली कामाला लागलेली. तिने बुढीच्या डोक्यापाशी एक टिपका दिला, कानापाशी एक, खांद्यापाशी एक. टिपक्या-टिपक्यांतून रेघ आपोआप जोडत गेली, आणि फिरून पहिल्या टिपक्याला मिळाली तसं कुंपण झालं. कुंपणाच्या आतलं दिसतं, बाहेरचं जातं. एवढंच. कोणाही माणसाला समजेल.

पण एवढंच असतं तर मला कशाला बोलावलं असतं? टिपक्याला दोन्ही बाजूंनी मिशा फुटतात. ती मिशी ओढली की रेघ वाकते. खांदा गोल करायला इकडची मिशी ओढली की तिकडे मानेपाशी पोट निघतं. ते पोट दाबलं की कान कापला जातो. मी म्हणायचो, "अवो कान गेला." ती कान आणायची. "आता अंबाडा गेला." ती अंबाडा आणायची. आणि एवढं सगळं जमलं की म्हणायची, "हा झाला एक फ्रेम." फ्रेम म्हणजे हलत्या शूटिंगमधलं एक चित्र. बुढी जराशी हलली की कुंपण जिथल्या तिथे, आणि बुढी कुंपणाच्या बाहेर. मग परत सगळे टिपके सरकवा.

मी म्हटलं, "हे कॉम्प्युटर आपोआप नाही करत काय? टीव्हीत तं सांगतात का सगळं आपोआप होऊन राहिलं."

"करते ना काकाजी. पण त्याले या दोन्ही साड्या एकच बाई वाटते. पाहा." तिने करून दाखवलं. कॉम्प्युटरने बुढीला उचललं आणि बुढीसोबत तिच्या बाजूची बाईही अर्धी उचलली. तीन खांद्यांची बुढी तयार झाली. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

म्हणून मी तिथे बसलेलो. पदर कुठे वळतो, निरी कुठे पडते, हा काठ बुढीचा की बाजूच्या बाईचा, ते मी बोट लावून सांगायचं. तिने म्हटलं, पडद्याला बोट लावू नका. मग मी चमच्याची दांडी धरून लांबून सांगत होतो. एका ठिकाणी तर मलाच कळेना. साडी तीच, सावली तीच. बेचाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या बाईसोबत काढली, तिचा खांदा कुठे संपतो हे मला सांगता येईना, आणि ती व्हिडिओवाली हात थांबवून माझ्याकडे पाहत बसलेली. भल्ली चीड आली. कोणाची आली ते माहीत नाही.

कुंपण झाल्यावर ती म्हणाली, "आता कड थोडी फेदर करतो, म्हणजे मऊ होईल." तिने काही तरी ओढलं आणि बुढीच्या कडेला धुकं आलं. तिच्या भोवती अगरबत्तीचा धूर सोडल्यासारखं.

मी म्हटलं, "कमी कर. ती बाई मऊ नव्हती."

"काकाजी, कडक ठेवली तं कागद कापून चिटकवल्यासारखी दिसते."

"मंग मधात कुठंतरी ठेव."

मधात ठेवलं. तेवढ्यात तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तिचं लक्ष गेलं, आणि बोट भलत्या बटनावर पडलं.

पडद्यावर सगळं परत आलं. मांडव, खुर्च्या, पंखा, आइस्क्रीमची प्लेट घेऊन जाणारा माणूस. सगळे होते. फक्त बुढी नव्हती. तिच्या जागी तिच्या आकाराचं काळं भोक. अंबाड्याची गाठ, कान, पदर, सगळं बरोबर कापलेलं, आणि आत अंधार. मग ते चालू झालं आणि भोक हललं. मान वळवली भोकाने. लोक त्याच्या बाजूने येत-जात होते, कोणी थांबलं नाही.

"उलटा झाला काकाजी, एक मिनिट, एक मिनिट..."

मी उठलो. बाहेर जाऊन चपला घातल्या आणि तिच्या फाटकाशी उभा राहिलो. पोळ्यानंतर माझ्या घरात जे आहे ते हेच आहे. चहाच्या गंजापाशी तिच्या आकाराचं, खाटेवर तिच्या आकाराचं. ते पाहायला मला अकोल्याला यायची गरज नव्हती. बाई थोड्या वेळाने चहा घेऊन बाहेर आली. कप फाटकाच्या खांबावर ठेवून आत गेली, हे तिने चांगलं केलं. नाही तर मी अमरावतीची गाडी धरली असती.

परत जाऊन बसलो. आता हात राहिला होता, आशीर्वादाचा. हाताला वेगळं कुंपण लागतं म्हणे, कारण तो सारखा हलतो आणि बोटांच्या मधात फटी असतात. तिने हात मोठा केला. एक-एक बोटाला टिपके देत खाली मनगटापर्यंत आली.

मी म्हटलं, "थांब."

मनगटावर गोंदण होतं. तुळशीवृंदावनासारखं काही तरी, हिरवं पडलेलं.

बुढीच्या अंगावर गोंदणाचा एक ठिपका नव्हता. लहानपणी गोंदणारी बाई आली की ती शेतात पळून जायची, हे तिने मला शंभर वेळा सांगितलं होतं. तो हात बुढीचा नव्हताच. तो माझ्या वहिनीचा हात होता. मोठ्या भावाची बायको, बुढीची जाऊ. वलगावला राहते. बुढीच्या मागे अर्धी झाकलेली उभी होती, साडी तीच, म्हणून हात बुढीच्या खांद्यातून निघाल्यासारखा दिसत होता.

आणि या दोघींचं त्या वेळी बोलणं नव्हतं. शेवयांच्या मशीनवरून. मशीन नेलं कोणी, दांडा तोडला कोणी, यावर दोघींनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. सणवाराला एका पंगतीत बसायच्या आणि मीठ मागायचं तर मला सांगायच्या. "त्याईले म्हना, मीठ सरकवा."

"मंग काकूंचा हात कुठं हाये?" बाईने विचारलं.

खाली होता. पिशवी धरलेली. कापडाच्या दुकानाची पिशवी, आणि पिशवीतून माझ्या चपलेचा पट्टा बाहेर आलेला. मग मला सगळं आठवलं. मी नवी चामड्याची चप्पल घातली होती. पंगतीत बसायला काढून ठेवली असती तर गेली असती. म्हणून बुढीने ती पिशवीत भरून घेतली आणि मला ओरडून सांगत होती, "चपला मायापाशी हायेत, तुमी जेवा!" तिचे ओठ पाहा, तेच बोलते आहे. आशीर्वाद नाही, काही नाही.

संध्याकाळी मुलगी नोकरीवरून थेट बाईकडेच आली. तिला सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा. कोनाले समजते हात कोनाचा हाये?"

"मले समजते."

"तुमी कोनाले सांगू नका."

"तुझी मोठी आई पहिल्या रांगेत बसन. तिले आपला हात नाही ओळखू येनार? आन तुझ्या मायले तिच्या जावेच्या हातानं आशीर्वाद देऊ लावतं? ती असती तं हात झटकून दिला असता तिनं!"

"मंग काय चपलेची पिशवी दाखवू मी? नवरीच्या डोक्यावर चपला? सासरकडचे काय म्हनतीन? बाबा, जन्मभर बोलन मले थो व्याही!"

"बोलन तं बोलन. तुझी माय अशीच होती."

"माय अशीच होती म्हनून तिले लग्नात हसू द्यायचं लोकाईले?"

ती रडायला लागली. मी काही चुकीचं बोललो नव्हतो, पण पोरगी तिची, लग्न तिच्या घरचं, आणि आई तिचीही. मी पडद्याकडे पाहत बसलो. व्हिडिओवाली बाई दोघांच्या मधात सापडलेली. कणकेच्या डब्याचं झाकण उघडझाप करत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, पिशवी राहू द्या. पिशवीत काय हाये थे दिसतच नाही. फक्त हा पट्टा दिसते. पट्ट्यावर मास्क टाकून उडवून देतो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पट्टा काप. थो माझा हाये, तिचा नाही."

मग बाईने पट्ट्याभोवती चार टिपके दिले आणि माझी चप्पल गेली. वहिनीचा हातही कुंपणाबाहेर ठेवला. ढग आणि बासरी मी काढायला लावली. मुलीने फुलं तेवढी ठेवून घेतली. फुलांवर मी भांडलो नाही, थकलो होतो.

लग्नाच्या दिवशी पडदा उजळला आणि बुढी आली. वांगी साडी, हातात पिशवी, तोंड चाललेलं. नवऱ्याकडचे लोक गंभीर तोंड करून पाहत होते. त्यांना काय माहीत. पण माझी नात, मुंडावळ्या बांधून उभी, ती एकदम हसली. मोठ्याने म्हणाली, "आई, आजी पिशवी घेऊनच आली!" आणि मग तिचं काजळ सगळं गालावर आलं. फोटोवाल्याने कपाळावर हात मारला. मला बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी जरा बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर वहिनी माझ्या खुर्चीपाशी आल्या. आता काठी घेऊन चालतात. समोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मले कावून कापलं?"

मी म्हटलं, "काय वहिनी?"

"थे चांदूर रेल्वेचं हाये ना? मी तिच्या बाजूलेच होती. माया हात बी होता. तो बी कापला."

"अवो, तुमी जित्या हा. जित्या मानसाले पडद्यावर कोन टाकते?"

"थे ठीक हाये. पन हात तं ठेवाचा होता. हात तिच्यासाठीच केला होता मी वर."

"तिच्यासाठी? बोलत नव्हत्या तुमी तं."

"बोलत नव्हतीच! तिच्या पदराची पिन निघाली होती खांद्यावरची, पदर खाली येऊन राहिला होता. तिच्या एका हातात तुमच्या चपला. म्हटलं, लोकाईत उघडी पडन. म्हनून मागून हात घातला आन पिन लावली."

"मंग तिले सांगाचं ना तसं!"

"बोलत नव्हती ना मी!"

"मंग मले सांगाचं, आधी!"

"मले इचारलं कोनी?" त्यांनी काठी फरशीवर आपटली. "तुमाले चपलेचं समजलं, माया हाताचं नाही समजलं."

आठ-दहा वर्षं दोघींमध्ये मीठ सरकवलं मी, आणि यातलं काही मला माहीत नाही. पिन लावून झाल्यावर बुढीने मागे वळून पाहिलं का, हे विचारलं. वहिनी म्हणाल्या, "पाह्यलं. काही बोलली नाही. पन हलली बी नाही, लावून होवस्तवर उभी राह्यली."

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना घेऊन परत व्हिडिओवाल्या बाईकडे गेलो. वहिनी वलगावला जायला निघालेल्या, पिशव्यांसकट आल्या. मी बाईला म्हटलं, "लग्न झालं. आता हे फक्त आमच्या घरासाठी. कापलेला हात परत जोडता येते काय?"

ती हसली. "काकाजी, मास्कानं काहीच कापल्या जात नाही. फक्त झाकल्या जाते. खाली सगळं तसंच असते."

"मंग हे पह्यले नाही सांगाचं? मी दिवसभर जीव काढला!"

तिने कॉम्प्युटर चालू केला. वहिनींना त्या आखूड पायाच्या खुर्चीवर बसवलं. वहिनींनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि सुरूच झाल्या. "हा काठ माया. हा तिचा. नाही, हा बी मायाच." मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही, तो तिचाच आहे. त्या म्हणाल्या, साडी मी नेसली होती की तुम्ही? बाई कधी टिपका इकडे सरकवायची, कधी तिकडे. शेवटी वैतागली.

"दोघींले ठेवायचं हाये ना? मंग मधातली रेघ कायले पाहिजे? बाहेरूनच एक मास्क काढतो." आणि तिने बटन दाबलं. बुढीच्या खांद्यापासून कंबरेपर्यंत, ज्या एका रेघेसाठी मी चमच्याची दांडी धरून तो दिवस घालवला होता, ती सगळी रेघ, सगळे टिपके, सगळ्या मिशा, एकदम गेल्या.